वीररसाची अर्धी साक्ष

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या निमित्ताने आमच्या मांजलपुरात एक व्याख्यान झाले. विषय होता क्षात्रधर्म. वक्ते बहुश्रुत होते, वाणी ओघवती होती, आणि मंडपात बसलेली आम्ही मराठी माणसे, म्हणजे गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने कधी काळी बडोद्यास आलेल्यांची नातवंडे-पणतवंडे, मुग्ध होऊन ऐकत होतो. वक्त्यांनी तीन सिद्धांत मांडले. पहिला असा की, जपानसारखे चिमुकले राष्ट्र थोर झाले ते मरणाला तृणवत् लेखणाऱ्या 'बुशिदो' नामक योद्ध्यांच्या धर्मामुळे, आणि त्या देशाचे मध्ययुगीन वाङ्मय हे त्या धर्माचे वेद होत. दुसरा असा की, आमच्या बखरी व पोवाडे नेमके हेच सांगतात. तिसरा, आणि टाळ्या ज्याला पडल्या तो, असा की, संतांच्या टाळ-मृदंगाने आमची मनगटे ढिली केली. देवळांतून आता घंटा पुरेत, तलवारी हव्यात.

माझ्या शेजारी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याने मला हळूच विचारले, "काका, मग आपल्या देवळात तलवार का नाही ठेवत?" त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे उशिरा सुचलेले ते उत्तर होय.

न्यायालयात वीस-बावीस वर्षे काढल्यावर मी एक गोष्ट शिकलो आहे. धडधडीत खोटे बोलणाऱ्या साक्षीदाराची भीती बाळगण्याचे कारण नसते. उलटतपासात तो उघडा पडतोच. भीती बाळगावी ती अर्धे खरे सांगणाऱ्याची. तो दस्तऐवजातील एकच कलम मोठ्याने वाचतो आणि त्याच्या खालचे कलम तळहाताखाली झाकतो. आमच्या वक्त्यांनी जपानी वाङ्मयाच्या बाबतीत हेच केले, आणि आपल्या वाङ्मयाच्या बाबतीतही हेच केले. तेव्हा तळहात बाजूला सारून पुढचे कलम वाचून दाखविणे, एवढेच माझे काम आहे.

प्रथम जपानची साक्ष घेऊ. ११८० ते ११८५ या पाच वर्षांत ताइरा आणि मिनामोतो या दोन क्षत्रिय घराण्यांत घनघोर युद्ध झाले. त्यात ताइरा कुळाचा समूळ उच्छेद झाला. या युद्धाची कथा 'हेइके मोनोगातारी' या ग्रंथात आहे, आणि जपानी वीरवाङ्मयाचा मुकुटमणी तो हाच. आता हा ग्रंथ कोणी गाइला? विजयी सरदारांच्या भाटांनी नव्हे. बिवा नावाचे तंतुवाद्य खांद्याला लावून गावोगाव हिंडणाऱ्या आंधळ्या भिक्षूंनी तो पिढ्यान्‌पिढ्या गाइला. आणि आज जो पाठ प्रमाण मानतात, तो त्यांच्यापैकीच काकुइची नावाच्या एका गायकाने १३७१ साली सांगून उतरवून घेतलेला आहे. ग्रंथाचा आरंभ रणशिंगाने होत नाही. तो होतो एका घंटेच्या नादाने. सर्व वस्तुजात अनित्य आहे, हे त्या नादातून ऐकू येते, असे कवी पहिल्याच वाक्यात सांगतो. आणि वाचकहो, ती घंटा कोठली म्हणाल? ती जपानची नव्हे. ती आहे श्रावस्तीच्या जेतवन विहाराची. ज्यांनी आपला देश कधी डोळ्यांनी पाहिला नाही, अशा आंधळ्या गायकांनी आपल्या वीरगाथेच्या दारावर घंटा टांगली ती आपल्याकडची! आणि आमचे वक्ते म्हणतात, घंटा पुरेत.

पुढे ग्रंथ काय सांगतो? ११८४ साली इचिनोतानीच्या रणात कुमागाइ नाओझाने या मिनामोतो पक्षाच्या कसलेल्या योद्ध्याने समुद्राकडे पळणाऱ्या एका उंची चिलखतातील वीराला आव्हान देऊन परत फिरविले, खाली पाडले, आणि शिर कापण्यासाठी त्याचे शिरस्त्राण मागे सारले. खाली सोळा-सतरा वर्षांचा पोर होता, आत्सुमोरी. कुमागाइला तेवढ्याच वयाचा मुलगा होता, आणि त्याच दिवशी सकाळी तो किंचित जखमी झाला होता. त्या पोराला सोडून द्यावे असे त्याच्या मनात आले. पण मागून स्वपक्षाचे स्वार येताना दिसले. आपण सोडला तरी ते सोडणार नाहीत, हे जाणून त्याने रडत रडत वार केला. मग प्रेताच्या कमरेला त्याला एक बासरी सापडली. पहाटे शत्रूच्या तळातून बासरीचे सूर आले होते, ते हिचेच. एवढ्या हजारो सैनिकांत आपल्या पक्षाच्या एकानेही रणात बासरी आणली नसेल, हे त्याला तत्क्षणी उमगले. हा कुमागाइ पुढे शस्त्र टाकून होनेन या आचार्याचा शिष्य झाला. जपानी माणूस आठशे वर्षे या प्रसंगावर नाटके लिहीत आला, चित्रे काढीत आला. त्याला त्यात काय आवडले? वार की आसू?

आणखी पाहा. ताइरा सेनापती शिगेहिरा याने ११८१ च्या जानेवारीत नारा नगरीवर चाल केली. रात्रीच्या अंधारात उजेडासाठी म्हणून लावलेली आग वाऱ्याने फैलावली आणि तोदाइजी व कोफुकुजी ही महाविहारे भस्मसात झाली. तेथील भिक्षूही काही निःशस्त्र नव्हते. मठांची स्वतःची सैन्ये त्या काळी होती, आणि ती राजधानीलाही धाक घालीत. ग्रंथकाराने हे झाकलेले नाही. पण ज्याने देवालय जाळले त्याला पुढे त्या जळिताचा जबाब द्यावा लागला, हेही त्याने झाकले नाही. शिगेहिरा पकडला गेला आणि ११८५ साली नाराच्या भिक्षूंच्या हवाली होऊन मारला गेला. त्याच वर्षी दान-नो-उराच्या आरमारी लढाईत ताइरांचा बालसम्राट आंतोकु आपल्या आजीच्या कुशीत समुद्रात बुडाला. जपानी गणनेने त्याचे वय आठ वर्षांचे होते. राजचिन्हांपैकी तलवारही समुद्राने गिळली. ग्रंथ संपतो तो त्या बालराजाच्या मातेपाशी. ती भिक्षुणी होऊन ओहाराच्या डोंगरातील एका लहानशा आश्रमात मेलेल्यांसाठी प्रार्थना करीत आहे. तलवार बुडाली, प्रार्थना उरली. हे का ते मरणाला तृणवत् लेखणे?

मग वक्त्यांचा तो बुशिदो आला कोठून? त्याचा जन्मदाखला तपासला तर मोठी मौज आढळते. 'मरण हाच योद्ध्याचा मार्ग' असे बजावणारा 'हागाकुरे' हा ग्रंथ १७१६ साली पुरा झाला. त्यातील वचने ज्याची, तो यामामोतो त्सुनेतोमो हा शांततेच्या काळात जन्मलेला दरबारी सेवक होता. त्याने आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती. आणि 'बुशिदो' हा शब्द जगभर ज्या पुस्तकाने नेला, ते नितोबे इनाझो यांनी १९०० च्या सुमारास अमेरिकेत राहून, इंग्रजी भाषेत, परदेशी वाचकांसाठी लिहिले; आणि नितोबे स्वतः क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते. त्यांच्या विद्वत्तेला उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. पण जे आंधळ्या भिक्षूंनी जळत्या नगरांच्या आठवणीतून गाइले ते एक, आणि जे शांत खोलीत बसून रचिले ते दुसरे. दुसऱ्यावर पहिल्याची मुद्रा उठवून ते बाजारात आणू नये.

झाकलेल्या कलमाचा सर्वांत ठळक दाखला 'ताइहेइकी' या चौदाव्या शतकातील ग्रंथात सापडतो. नावाचा अर्थ 'महाशांतीची कथा'. आत मात्र पानोपानी युद्ध. त्यातील कुसुनोकी मासाशिगे हा सम्राटनिष्ठ वीर १३३६ साली मिनातोगावाच्या लढाईत हरला आणि भावासह त्याने प्राणत्याग केला. शेवटच्या क्षणी त्याने भावाला अंतिम इच्छा विचारली. सात वेळा मनुष्यजन्म घेऊन राजशत्रूंचा नाश करावा, असे भाऊ म्हणाला. मासाशिगे उत्तरला की ही वासना पापमय आहे खरी, परंतु माझीही तीच इच्छा आहे. पुढे विसाव्या शतकात 'सात जन्म देशासाठी' ही घोषणा झाली. दुसऱ्या महायुद्धात आत्मघाती विमानांतून विशी-बाविशीचे विद्यार्थी ती कपाळपट्टीवर लिहून पाठविले गेले. घोषणेत सात जन्म राहिले. 'ही वासना पापमय आहे' हा कबुलीजबाब मात्र गळला. मूळ वीराला आपल्या इच्छेतील पाप दिसत होते, म्हणूनच तो वीर होता. ज्यांनी ते वाक्य खोडले त्यांनी त्याची पूजा केली आणि त्याचा विवेक पुरला. परिणाम १९४५ साली जगाने पाहिला.

आता घरचा दस्तऐवज उघडू. बडोद्याहून डभोईच्या वाटेवर भिलापूर नावाचे गाव लागते. आमच्यापैकी कितीतरी जण त्या वाटेने जातात; डभोईच्या हिरा भागोळेची शिल्पे पाहून येतात. पण भिलापुराशी गाडी थांबवून उतरलेला मराठी माणूस माझ्या पाहण्यात नाही. १ एप्रिल १७३१ रोजी तेथे लढाई झाली. एका बाजूस पेशवे बाजीराव, दुसऱ्या बाजूस सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. दोघेही छत्रपती शाहूंचे चाकर. भांडण गुजरातच्या चौथाईचे. सेनापतींनी रक्ताने कमावलेल्या मुलखात पेशव्यांनी मोगल सुभेदाराशी परस्पर करार केला. उलट सेनापतींनी निजामाशी संधान बांधले. 'हर हर महादेव' ही गर्जना त्या दिवशी दोन्ही फौजांतून उठली असेल. महादेवाने कोणाची ऐकावी? त्र्यंबकराव गोळी लागून पडले. गोळी शत्रूची की स्वपक्षातील कोणाची, हा वाद तर जुनाच आहे. पिलाजी गायकवाड, म्हणजे ज्यांच्या वंशजांच्या छायेत आमची घरे इथे वसली ते, त्या दिवशी पराभूत बाजूस होते.

लढाई संपली, पण तिचा जबाब संपला नाही. त्र्यंबकरावांच्या मातोश्री उमाबाई दाभाडे, ज्यांनी सप्तशृंगीच्या गडावर भाविकांसाठी पायऱ्या बांधविल्या, त्या शांत होईनात. परंपरा सांगते की, खुद्द शाहू महाराजांनी बाजीरावांना त्यांच्यापुढे उभे केले, बाईंच्या हाती तलवार दिली, आणि सूड घ्यावयाचा तर हा घ्या, म्हणून सांगितले. बाईंनी वार केला नाही. कथेतील तपशील कोणाला पटोत न पटोत. पण ज्या समाजाने ही कथा जपून ठेवली, त्याला तलवारीचे खरे मोल ती म्यान होते तेव्हा कळते, हे ठाऊक होते.

त्याहून बोलकी गोष्ट दक्षिणेची. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात तळेगावास दाभाड्यांचा होता. सेनापती पडल्यावर तो पेशव्यांनी पुण्यास चालविला. मारणाऱ्याने मेलेल्याचे दानधर्म आपल्या शिरावर घेतले! याला राजकारण म्हणा, प्रायश्चित्त म्हणा; बहुधा दोन्ही होते. पुढे पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या निधीतून १८२१ साली पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळाली, न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना विद्यावेतने मिळाली. आपण आज ज्या मराठी गद्यात युद्धाचे गोडवे गातो, त्या गद्याच्या पायाभरणीत भिलापूरच्या रक्ताचा एक थेंब आहे, हे गाणाऱ्याला ठाऊक असावे.

पिलाजीरावांचे पुढे काय झाले? भिलापूरनंतर पुढच्याच वर्षी, १७३२ साली, मोगलांचा गुजरातचा सुभेदार, जोधपूरचा राजा अभयसिंह, याच्या माणसांनी वाटाघाटीच्या मिषाने त्यांना डाकोर क्षेत्री गाठून ठार केले. सावलीस त्यांची समाधी आहे. मारणाराही हिंदू, मरणाराही हिंदू, आणि स्थळ वैष्णवांचे तीर्थ. 'धर्मासाठी युद्ध' हे सरसकट सूत्र या एका प्रसंगावर घासून पाहा. टिकते का ते सांगा. आणि हेही सांगा की, त्याच डाकोरचे आजचे मोठे देवालय १७७२ साली गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी सावकाराने बांधले, ही बाब कोणत्या व्याख्यानात ऐकली?

आमच्या बखरी वक्ते म्हणतात तशा आहेत काय? पानिपताच्या बखरी घ्या. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाचे वर्णन करणाऱ्यांनी शौर्य वर्णिले, यात शंका नाही. पण त्याच बखरकारांनी सरदारांचे मत्सर, सल्ल्याची हेळसांड, बुणग्यांचे हाल, उपासमार आणि बायकामुलांची दैना हीही लिहिली. भाऊसाहेबांच्या मृत्यूवर लोकांचा विश्वासच बसेना. एक तोतया उभा राहिला आणि त्यालाही अनुयायी मिळाले. शोक एवढा अनावर होता. ही वाङ्मये विजयस्तंभ नव्हेत. ती सुतकातली वाङ्मये आहेत. शिवछत्रपतींच्या थोरवीला साक्षीदार हवा असेल तर मी मित्रपक्षाचा देणार नाही. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार. महाराजांना शिव्याशाप देताना त्याची लेखणी थकत नाही. तोच लिहून ठेवतो की, मशिदीला, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रीला धक्का लावू नये, असा त्यांचा दंडक होता. विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराने दिलेली कबुली न्यायालयात सर्वांत वजनदार ठरते. महाराजांनी तलवार उपसली ती कोणावर, एवढेच सांगून वक्ते थांबतात. कोणावर उपसली नाही, हे शत्रूकडून ऐकावे लागते.

येथे मला कोणी अडवील. म्हणेल, "वकीलसाहेब, तुमचे कुलदैवत कवळ्याचे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात साष्टीतील देवळे मोडली, तेव्हा केळशीची देवी नदीपार फोंड्याकडे न्यावी लागली. आज उभे असलेले देऊळ शाहूंच्या अमदानीत, नारो राम मंत्र्यांच्या खटपटीने १७३८ च्या सुमारास पुरे झाले. मागे मराठ्यांची तलवार नसती तर हे घडते का?" आक्षेप खरा आहे आणि मी तो निमूटपणे मान्य करतो. दुर्बळाच्या अहिंसेला कोणी विचारीत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली नसती तर उत्तर कोकणचा इतिहास निराळा झाला असता. माझा वाद तलवारीशी नाहीच. तिचा हिशेब न ठेवण्याशी आहे. खुद्द वसईचे पाहा. प्रचंड प्राणहानी सोसूनही चिमाजी अप्पांनी शरण आलेल्यांना बायकामुले व जंगम मालमत्तेसह सन्मानाने जाऊ दिले. हा वीररसाचा भाग नव्हे काय?

आणि त्या मोहिमेतून आपल्या देवळांत काय आले? घंटा आल्या. भीमाशंकरास १७२९ सालची, वाईजवळ मेणवलीस १७०७ सालची, नाशकास नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची. पहिल्या दोहोंवर ख्रिस्ती खुणा आजही दिसतात. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली माता आहे. लहानपणी आजीबरोबर मी मेणवलीस गेलो होतो. ही घंटा आपली की त्यांची, असे मी तिला विचारले. आजी फोंड्याकडची, घरात कोकणीच बोले. ती म्हणाली, "घांट कोणाची तें घांटेक खबर ना." त्या एका वाक्यात आंधळ्या जपानी भिक्षूंचा सगळा ग्रंथ सामावला आहे, हे मला चाळिशीनंतर कळले. लूट म्हणून आलेल्या वस्तूला आपल्या पूर्वजांनी शस्त्रागारात ठेवले नाही, देवापुढे टांगले. ती विजयाचीही आठवण देते, आणि जे हरले तेही कोणाची तरी प्रार्थना करीत होते, याचीही देते.

उरला संतांवरील आरोप. टाळांनी मनगटे ढिली होत असती, तर तुकोबांच्या हयातीत ज्या मावळात कीर्तने घुमली, त्याच मावळातून पुढे ती फौज उभी राहिली नसती. तुकोबांनी पाईकीचे अभंग रचले. मनाशी चाललेल्या झगड्याला युद्धाचेच नाव दिले. संतांनी शूरांना दुबळे केले नाही. आपला खरा शत्रू किती जवळ राहतो, एवढे मात्र त्यांनी सांगितले. भिलापूरच्या दोन्ही सेनानींनी तेवढे ऐकले असते तर!

आपल्या बडोद्यातच हे सर्व भिंतीवर लिहून ठेवले आहे. सयाजीराव महाराजांनी पूर्वजांच्या स्मरणार्थ कीर्तिमंदिर बांधले. राजवंश तलवारीच्या बळावर उभा राहिलेला. तेव्हा भिंतींवर नुसत्या लढाया शोभल्या असत्या. पण तेथे नंदलाल बोस यांनी चार भिंती रंगविल्या त्या अशा: एकीवर कुरुक्षेत्राचा संग्राम, उरलेल्या तिन्हींवर गंगावतरण, मीराबाई, आणि बुद्धपूजेसाठी प्राण देणारी नर्तकी. एक भिंत युद्धाला, तीन भिंती त्याहून मोठ्या गोष्टींना. आणि त्या कुरुक्षेत्रातही अभिमन्यू आहे, म्हणजे आपला आत्सुमोरी, सोळा वर्षांचा.

आमचे व्याख्याते महाभारतातून भीष्मपर्वातील अठरा अध्याय उचलतात, त्यांतूनही 'ऊठ, युद्ध कर' एवढेच. गीतेनंतर व्यासांनी लेखणी खाली ठेवली नव्हती. पुढे सौप्तिकपर्व आहे, ज्यात झोपलेल्यांची कत्तल होते. त्यापुढे स्त्रीपर्व आहे, ज्यात गांधारी रणांगणावर प्रेते ओळखीत फिरते. त्यापुढे शांतिपर्व आहे, ज्यात जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो. अर्जुनाला युद्ध करावयास लावणाऱ्या कवीनेच ही पर्वे लिहिली. पहिले वाचणे आणि दुसरी गाळणे म्हणजे व्यासांच्या तोंडावर तळहात ठेवणे होय.

म्हणून देवस्थानांच्या महाजनांस व उत्सवसमित्यांस माझी एक साधी विनंती आहे. क्षात्रधर्मावर व्याख्याने अवश्य ठेवा. पोवाडे दणाणू द्या. पण ज्या व्यासपीठावर पोवाडा होईल, त्याच व्यासपीठावर दुसऱ्या संध्याकाळी स्त्रीपर्वाचे पुराण होऊ द्या. आणि बडोदेकरांनी वर्षातून एकदा, १ एप्रिलला, भिलापुरास मुलांना घेऊन जावे. भाषण करू नये. दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी एक दिवा लावून परत यावे.

त्या मुलाला आता माझे उत्तर. बाळ, आपल्या देवीच्या हाती शस्त्र आहेच. पण कवळ्याची आपली दुर्गा शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले तेव्हा दोघांच्या मध्ये उभी राहिली, म्हणून तिला शांतादुर्गा म्हणतात. आणि ज्या गुजरातेत आपण राहतो तेथील डाकोरच्या देवाचे नाव रणछोड, म्हणजे रण सोडून गेलेला. लोकांनी त्याला भित्रा म्हटले नाही. त्याचे मंदिर बांधले, आणि ते बांधले एका मराठी माणसाने. घंटा त्याच्याही दारावर आहे. पुढच्या वेळी गेलास की ती वाजव, आणि नाद विरेपर्यंत थांब.